विनंती थांबा

शाणूमामाला डाव्या सीटवर बसता येत नाही.
मडगाव सुटल्यापासून त्याचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबतो आहे,
आणि आसोळण्याच्या पुलावर समोरून टेम्पो आला तेव्हा
हात आपोआप गेला हॉर्नकडे.
तिथे फक्त माझी पाण्याची बाटली.

एकोणतीस वर्षं बेतूलवरून आगोंदला
कदंबची बस नेली त्याने.
सकाळी सव्वासहा, दुपारी एक वीस, आणि शेवटची,
जिच्यात माणसांपेक्षा रिकाम्या पाट्या जास्त.
कुठे थांबायचं ते तिकिटांवर ठरलेलं.
"आज तू सांग," मी म्हटलं, "मी थांबवते."

बराच वेळ त्याने काहीच सांगितलं नाही.
साळ नदीचं मुख गेलं,
जिथे गढूळ पाणी निळ्यात शिरायला कुरकुरतं.
मी वेग कमी केला, त्याच्याकडे पाहिलं.
तो मैलाचा दगड वाचत होता.
पोटं वर करून वाळत पडलेल्या होड्या गेल्या.
लोक इथे फोटो काढायला थांबतात, मी म्हटलं.
"काढूंदे," तो म्हणाला.

मग एका उतारावर, "राव हांगा."

एक मोरी. दोन हात रुंद. खाली पाणीसुद्धा नाही.
"इथे पियेदाद चढायची,
शिनाण्यांची पाटी घेऊन, कायम उशिरा.
मी गिअर अडकल्याचं निमित्त करून रेंगाळायचो.
पाटीतलं पाणी तिसऱ्या सीटपर्यंत यायचं.
कंडक्टर पुरसो शिव्या घालायचा,
आणि शनिवारी त्याच पाटीतले शिनाणे घरी न्यायचा."
आम्ही मोरीकडे पाहत राहिलो.
कठड्यावर एक सरडा मान हलवत होता,
हो हो, असंच होतं, म्हणत असल्यासारखा.

खोल्याला एका अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या,
इतक्या लाल की मीच न विचारता थांबले.
मामा उतरला, वाकला, एकीचा देठ मोडून वास घेतला,
भावावरून हुज्जत घातली, घेतल्या नाहीत.
पुढे दोन वळणं गेल्यावर म्हणाला,
"घ्यायच्या होत्या."
परत गेलो.

काब द रामच्या फाट्यावर मी विचारलं, किल्ला?
"किल्ला कुठे पळून जातोय.
पुढचं वळण घे. काजूंच्या पलीकडचं. सावकाश."

तिथे थांबायला जागाच नव्हती.
डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा, कठड्यापलीकडे
एकदम
खाली
सगळाच्या सगळा समुद्र.
मागून ट्रक बोंबलत होता. मी चाकं कशीबशी चरात उतरवली.

"हे वळण मी कधी पाहिलं नाही गे," मामा म्हणाला.
"इथे रस्त्यावरून नजर काढली तर बावन्न माणसं खाली.
मला दिसायचा तो आरसा.
त्यात सगळ्यांच्या माना एकाच वेळी उजवीकडे वळायच्या,
पेंगणाऱ्यांच्यासुद्धा.
रोजचीच माणसं. मास्तरीण, पोस्टमन,
तापातलं पोर घेऊन निघालेली कोणी.
तोंडं उजळायची, दोनेक सेकंद,
मग ज्याचं त्याला परत.
मी मनात म्हणायचो, आला समुद्र."

तो रस्ता ओलांडून कठड्याशी गेला.
वाऱ्याने शर्ट फुगला, आतलं बनियन दिसलं.
किती वेळ पाहावं हे त्याला कळेना.
सवयीने घड्याळ पाहिलं.
"मोठा आहे," म्हणाला. आणि जरा वेळाने,
"पियेदाद मात्र मान वळवायची नाही. पाटी धरून बसायची.
तिच्या परसातच होता ना तो."

परतताना मागे बसला, मिरच्यांची पिशवी मांडीवर.
त्या वळणावर मी रस्त्यावरून नजर काढली नाही.
आरशात दिसला तेवढाच,
मान डावीकडे, तोंड अर्धवट उघडं,
डोळे मिटत आलेले,
उजेडाने की शिंक येत होती म्हणून,
कळायच्या आत काजू सुरू झाले.