शेवटच्या पाण्याची थाळी

हाओवानं दक्षिणेकडून पाठवलेली सदाफुली
तीन दिवस टॅक्सी-ब्रूसच्या टपावर बसून आली,
मुळांना लाल माती, पोत्याला डिझेलचा वास.
तिथं मुळं किलोवर विकतात.
मी पानं मागितली तर फोनवर हसली :
पानांना कोण पैसे देतं, बाई?

नळाखाली धुतली. मिनिटभर अल्कोहोल,
मग ब्लीच, मग निर्जंतुक पाणी, तीनदा.
धूळ, बोटं, वाऱ्यानं उष्टावलेलं सगळं
आता मेलं, असं धरून चालायचं.
धरून चालणं पुरत नाही, म्हणून
शेवटचं पाणीही एका थाळीत पसरायचं
आणि त्यात काहीच उगवू नये याची वाट बघायची.

स्टार्चची बरणी रिकामी होती.
मी घरच्या भाताची पेज गाळून घातली.
(राझाफीसाहेबांना हे सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या रात्री वीज गेली.
जुलैतलं आन्तानानारिव्हो, टेकड्यांवर गारठा,
उबवणपेटी निवत चाललेली.
पाचही थाळ्या लांब्यात गुंडाळून
पाठीशी बांधल्या, आमच्याकडे पोरं बांधतात तशा,
आणि पहारेकऱ्याच्या शेगडीपाशी जाऊन बसले.
मुलगा की मुलगी? त्यानं विचारलं.
म्हटलं, अजून कळायचंय.

सकाळी आयोडीन ओतलं.
थाळी काळीनिळी झाली काठापासून काठापर्यंत,
फक्त एका राखी ठिपक्याला
खळं पडलं, चंद्राला पडतं तसं.
पण हे उजेडाचं नव्हे, भुकेचं.
तेवढ्या जागेतली पेज कुणीतरी संपवली होती.

हेच विकर माझ्या थुंकीत आहे.
भात खूप वेळ चावला की गोड लागतो, तो याच्यामुळे.
म्हणजे पानाच्या आत, शिरांमधल्या बोळात
कुणी तोंड नसताना घास चावतंय.
पानाशी त्याचं काय ठरलंय,
भाडं, सोयरीक, की नुसतं सोसणं,
मला माहीत नाही. निबंधात आम्ही लिहू : सहवास.

मग भीतभीत ती दुसरी थाळी खिडकीशी धरली.
तीही रात्रभर माझ्या पाठीवर होती,
माझ्या घामाशी, शेगडीच्या धुराशी.
काही नाही.
तिरकी धरली. भिंग लावलं.
काही नाही, काही नाही.
इतक्या आनंदानं मी कधी रिकामं भांडं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हाओवाला सांगितलं.
तिच्या मागं बकऱ्या ओरडत होत्या.
थोडं थांबून म्हणाली,
मग मुळं तोलताना
त्या आतल्याचं वजन
इतकी वर्षं कोण खात होतं?