ख्यालीखुशाली, अंक चौथा

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कागद मोजले.
माझे नव्हते ते, सरकारचे.
शाई सांडलेला, कोपरा मुडपलेला, आकडा हललेला,
एकेका तावाचा हिशेब.
बिघडला तरी मोजायचा,
मोजूनच नष्ट करायचा.
संध्याकाळी गेटवर हात वर करून उभं राहायचं,
बाई तपासायची पदर, पिशवी, डब्याचं झाकण.
चिठोरं म्हणून बाहेर आलं नाही माझ्यासोबत.

आता जेलरोडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर
आम्हा खर्जुलांचं पत्रक काढते.
चार पानं, दर तीन महिन्यांनी, साठ प्रती.
पुतण्या म्हणाला, काकू, ग्रुपवर टाक ना, फुकटात होईल.
टाकलंही असतं.
पण ग्रुपवरचं वर सरकत जातं.
कागद पडून राहतो,
तेलाच्या डब्याखाली, विजेच्या बिलांत,
आणि कुणीतरी कधीतरी
हात पुसता पुसता वाचतं.

लासलगावहून बाळनाथ फक्त कांद्याचा भाव कळवतो.
तब्येत विचारली तर पुन्हा भाव.
मी तो तसाच छापते, पान तीन, खाली, चौकटीत.
शारजाला त्याचा मुलगा
आधी ती चौकट बघतो म्हणे,
मग बापाला फोन लावायचा की नाही ते ठरवतो.

मागच्या अंकात शकूवन्संना
नात झाली, त्याऐवजी नाक झाली.
एका अक्षरानं.
प्रेसमध्ये अख्खा गठ्ठा रद्द झाला असता.
इथं साठ नाकं पोष्टानं गेली,
मनमाड, ओझर, सिन्नर, पार भुसावळपर्यंत.
दोन दिवस मी फोन उचलला नाही.
तिसऱ्या दिवशी वन्संच दारात, पेढे घेऊन:
'अगं, नाक आपल्याच घराण्याचं आलंय पोरीला.
दुरुस्ती छापशील तर बघ.'

दगूभाऊ आणि निवृत्तीभाऊ, पळशाचे.
विहिरीवरच्या मोटारीवरून अकरा वर्षं
एकमेकांच्या बांधाकडे बघत नाहीत.
दोघांनी बातमी धाडली, दोघांची अट एकच:
त्याच्या पानावर माझं नको.
मी शब्द पाळला.
दगूभाऊंचा मोतीबिंदू पान एकवर,
निवृत्तीभाऊंच्या मुलीची बँकेतली नेमणूक पान चारवर.
पण ताव एकच असतो, मधोमध दुमडलेला.
उलगडून पालथा घातला की
एक आणि चार शेजारीशेजारी,
मधे नुसती घडी.
मी काही केलं नाही.
कागदाचा तो स्वभावच.

विशाखाची बातमी तीन रात्री लिहिली, खोडली.
'माहेरी परत' नको.
'सध्या माहेरी', तर सध्या म्हणजे कधीपर्यंत, विचारतील.
काहीच नाही लिहिलं
तर साठ घरं त्या मोकळ्या जागेकडेच बघतील.
शेवटी तिचाच फोन, उपनगरच्या स्टॉपवरून,
मागे बसचा हॉर्न:
'काकू, माझा पत्ता बदललाय. तेवढं छाप.
पिनकोडसकट.'
तेवढं छापलं.
'बदललेले पत्ते' हे सदर आता कायमचं ठेवणार आहे.

बिटको चौकात, तौफिकच्या झेरॉक्सच्या दुकानात
ओल्या स्पंजावर अंगठा टेकवून मी मोजते.
तौफिक म्हणतो, मशीननं मोजल्यात काकू, साठच आहेत.
एकसष्ट निघाल्या.
एक बिघडलेली, अर्धं पान काळं फासलेलं.
तो चुरगाळायला निघाला,
मी त्याच्या हातातून घेतली,
चांगल्या साठांत सरकवली.

उंबऱ्याशी आले,
तर दोन्ही हात खांद्याच्या वर, पिशवीसकट.
'काय झालं काकू?'
काही नाही रे, म्हटलं.
तिकिटं चिकटवायचीत अजून, पोष्ट बंद होईल.