डाव्या सीटखालचं पाणी

वामन आणि निंबा, दोघा भावांत एक पिकअप.
सावद्याच्या नाक्यावर, माझ्या पत्र्याच्या शेडपुढे उभी केली
तेव्हा दुपारचे दोन वाजले होते
आणि पान्याला हात लावला तर चटका बसत होता.
"मिस्तरी, केबिनमध्ये पाणी येऊन राह्यलं," वामन म्हणाला.
"तेही निळं."
निंबा काही म्हणाला नाही.

डावीकडची मॅट उचलली.
खाली खरंच तळं. बोटभर, फिकट,
धोतरं नीळ पिऊन झाल्यावर
बादलीत जे उरतं, तसं.

बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं.
ब्रेकऑइल असतं तर बोटं सटकली असती,
पत्र्याचा रंग पापुद्र्यानं सुटला असता.
डिझेलचा वास आधी येतो, डिझेल मागून.
कूलंट गोड लागतं म्हणतात.
आमचे वस्ताद हुसेनचाचा थेंब जिभेवर ठेवून सांगायचे
आणि वर आम्हालाच ओरडायचे, "जहर आहे पोरांनो, चाटू नका."
मी नाही चाटलं. रेडिएटर उघडला.
काठोकाठ, आणि हिरवा.
काच धुवायची टाकी कोरडी, तिच्यात कोळ्याचा संसार.
केळीचा चीक? तो लागताना पाण्यासारखा,
वाळला की सात जन्म काळा.
दोघांचे शर्ट साक्षीला होते.

माणूस दुखतं तिथे हात ठेवतो.
गाडी ओली होते एकीकडे,
फुटलेली असते दुसरीकडे.

"एसी लावता?"
"छ्या! घेतली त्या दिवशीच ठरलं. डिझेल खातो तो.
दोघांनी शपथच घेतली म्हण ना."
निंबा टायरच्या खाचेतला खडा
चपलेच्या टोकानं काढत होता.
निघत नव्हता.

हवेच्या जाळ्या चार. तीन, कंपनीतून आल्या तशा.
चौथी, डावीकडची, खाली वळवलेली,
कुणाच्या तरी मांडीकडे.

मी गाडीखाली शिरलो.
एसीचं पाणी बाहेर सोडते ती रबरी नळी,
करंगळीएवढी. तिच्या तोंडाशी माती,
बोटानं लिंपल्यासारखी गुळगुळीत.
कुंभारीण माशीचं घर.
घर मोडताना दरवेळी वाटतं तसं वाटलं,
पण तार घातली.
पाणी आलं ते मनगटावरून कोपरापर्यंत गार,
स्वच्छ. बिनरंगी.

मग निळं कुठलं?

मॅट उलटी केली.
पोटाला चिकटलेला वहीचा कागद,
शाईपेननं लिहिलेला, अर्धा वाहून गेलेला.
एक बाण, बाणाच्या टोकाला "स्वादुपिंड",
खाली "यकृत", त्यातला य फुगून फुटलेला,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात,
"२ ते ४ लाइट नाही."
निंबाची चेतना डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणार आहे
हे अख्ख्या नाक्याला ठाऊक.
कुठे बसते, ते मला आत्ता कळलं.

कागद मी चिंध्यांत सरकवला.
"काय निघालं?" वामननं वाकून विचारलं.
"कुंभारीण. नळीत घर केलं होतं."
"अन् निळं?"
"मॅटचा रंग गेला."
"पण एसी न लावता पाणी?"
"दमट हवा, भो," मी म्हणालो.

मे महिना. सावदा. पारा पंचेचाळीसच्या वर.
तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी इतकं उघडं खोटं
मी बोललो नव्हतो.
वामननं आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग बराच वेळ निंबाच्या पाठीकडे.
"असंल," तो म्हणाला. "दमटच आहे यंदा."
आणि खडखडीत कोरडं कपाळ बाहीनं पुसलं.

ऐंशी रुपये झाले. निंबानं दिले.
हात पुसायला चिंधी मागितली,
मी वरची दिली,
घडीत होतं त्यासकट.

संध्याकाळी माशी आली.
तोंडात ओल्या मातीची गोळी,
जिथे गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेवर
गुडघाभर उंचीला
घिरट्या घालत राहिली.