खाचा

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली
की आमची तिसरी सुरू व्हायची.
बंद लेथवर मी अँप ठेवायचो,
हाताला अजून साच्याच्या वाळूचा वास.
सातेरी चौगुले, बटाट्याच्या अडतीतला तोलार,
दिवसभर लिलाव ओरडून फाटलेला घसा
तसाच आणून माइकला लावायचा.
लोक विचारायचे, हा राक्षसी आवाज शिकलास कुठं?
कुठं नाही. क्विंटलमागं.

आयर्लंड आमच्यात आलं ते एका थडग्यावरून.
कॅम्पातल्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीला
बिडाचा कठडा ओतायचं काम आमच्या फौंड्रीला मिळालेलं.
माप घेताना टेप एका दगडाला अडकली.
नखानं शेवाळ खरवडलं :
डॅनियल टूमी. वय एकोणीस. परगणा क्लेअर. पटकी.
एवढंच. आणि एक बारकी कोरलेली वीणा,
तिच्या दोन तारा झिजून गेलेल्या.

रुझाय फर्नांडिस खानापुरास चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो
आणि नको तेवढी पुस्तकं वाचतो.
म्हणाला, तिकडं हंगामामागून हंगाम
बटाटा जमिनीतच काळा पडला.
माणसं गवत चघळत मेली, ओठ हिरवे.
आणि बंदरातून धान्याची जहाजं
वेळेवर, पहाऱ्यात, भरून बाहेर जात होती.
ज्यांनी भाकरी नेली
त्यांच्याच पलटणीत पोरांनी नावं घातली,
भाकरीसाठी.

सातेरी बराच वेळ केबल गुंडाळत बसला.
मग म्हणाला, पोत्यात एक जरी सडका असला
तरी गाडी थांबायच्या आत मला वास कळतो.
अख्ख्या देशाचा वास कसा आला असंल रे?
ते आमचं पहिलं गाणं.
त्यात शब्द अकराच आहेत.

भांडण झालं ते दुसऱ्याच्या शब्दांवरून.
सातेरी म्हणाला, मराठीतच.
बसू हिरेमठ म्हणाला, मग मी ड्रम कुठल्या भाषेत बडवू, सांग की.
यल्लाप्पा भजंत्री सनईची पत्ती थुंकीनं भिजवत म्हणाला,
दोन्हीकडच्या लग्नांत वाजवतो मी.
पैसे दोन्ही भाषांत कमीच देतात.
कुणी हसलं नाही.
त्याच आठवड्यात कोगनोळीपाशी बसगाड्या थांबल्या,
पाट्यांवर डांबर फिरलं,
आणि शेडची किल्ली
पंधरा दिवस माझ्याच खिशात राहिली.

सोळाव्या दिवशी रुझाय हातात काठी घेऊन आला.
म्हणाला, अशी बांधायचे तिथं, पोरांच्या गळ्यात.
घरची भाषा तोंडातून निघाली की एक खाच.
शाळेत खाचा मोजून तितक्या छड्या.
आणि खाच पाडायची कुणी?
आईनं. बापानं.
पोरगं कुठंतरी जगावं म्हणून.

बसूनं काठी घेतली, उलटीपालटी केली,
स्नेअरच्या कडेवर टेकवली
आणि नेहमीसारखं मोजलं :
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
आम्ही सगळे एकदम आत शिरलो.

तीन वर्षं असाच शिरत होतो.
मी भांडतो मराठीत, स्वप्नात मराठीत घाबरतो,
आणि माझी बोटं मात्र कानडीत मोजतात
हे मला त्या रात्री कळलं.
कुणाला सांगितलं नाही.
सातेरीनं गाणं मराठीतच म्हटलं.
मधली चार ओळींची जागा बसूनं घेतली,
बेसूर, पण घेतली.

कव्हर निपाणीला छापलं,
विडीची लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये,
त्यांच्याकडं उरलेल्या हिरव्या शाईत.
दोनशे प्रती. एकसष्ट खपल्या.
बाकीच्या यल्लाप्पाच्या पोटमाळ्यावर,
रिकाम्या पेटीशेजारी.

सातव्या गाण्यात करंट गेला.
गिटार मेली, माइक मेला,
यल्लाप्पाची सनई तेवढी अंधारात चालू राहिली,
तिला लाईट लागत नाही.
बसूच्या मोबाइलवर धरलं तेवढं तसंच ठेवलं.
नीट ऐकलं तर शेवटी
दारातून वॉचमन ओरडतोय,
काय करालास रे आत अंधारात?

ते काढून टाकू म्हणत होते.
मी नको म्हटलं.