हातच्या कांकणाला

चाळीस मिनिटं फुकट.
त्यातली सात 'ऐकू येतंय का'मध्ये गेली.

ऐजामाल कोचकोरला, तोर्बेन आरहूसला,
आणि मी बिश्केकमध्ये, तिसऱ्या चौकटीत,
दुभाषी. माझा कॅमेरा बंद असतो,
चेहऱ्याच्या जागी नावाचं पहिलं अक्षर.

ऐजामालच्या मागे समुद्र होता.
नारळ, पांढरी वाळू.
लेकीनं लावून दिलेला, घर दिसू नये म्हणून.
तिनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही.
मान हलवली की कानापाशी लाट फुटायची.

तोर्बेन म्हणाला, तो लाल दाखवा.
मी म्हटलं, तो लाल दाखव.
तिनं नमदा उचलून धरला
आणि समुद्रानं तो गिळला.

माणूस नाही ते सगळं मागचं,
असा त्या यंत्राचा हिशेब.
पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली लोकर,
मंजिष्ठाच्या मुळांत तीनदा बुडवलेली,
मेंढ्याच्या शिंगांची नक्षी.
एक शिंग हनुवटीखाली क्षणभर उगवलं,
मग पुन्हा वाळू.
हवेत नुसते दोन हात.

'काहीच दिसत नाही.'
हे मी तीनदा सांगितलं, तीन तऱ्हांनी,
शेवटी जरा गोड करून.
हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात.
इथं आरसाच कांकण खात होता.

तो समुद्र काढ, मी म्हटलं.
(हे तोर्बेन बोलला नव्हता. हे माझं.)

आणि खोली आली.
शेगडी, बादली, दोरीवर पायमोजे,
उंच पांढरी टोपी घातलेला सासरा,
चहात बुडवलेला पाव तोंडाशी नेता नेता थिजलेला.
सासू विचारत होती, तो माणूस जेवला का?
तेही मी पोचवलं.
तोर्बेन गडबडला. म्हणाला, सँडविच.

मग लाल आला.
माझ्या पडद्यावर तो विटकरी दिसत होता,
त्याच्याकडे कसा दिसला, देव जाणे.
तो गप्प.
त्या गप्प बसण्याचं काय करायचं मला कळेना.
ऐजामाल माझ्या अक्षराकडे बघत राहिली.

'साठ घेतो,' तो म्हणाला, 'पण...'

चाळीस मिनिटं संपली.

साठ मी सांगून टाकले होते.
ती हसत असतानाच पडदा काळा झाला.
'पण' माझ्या तोंडात राहिला,
जर्दाळूच्या आठळीसारखा,
या गालातून त्या गालात.

नवी लिंक उघडली तर ऐजामाल आधीच हजर,
केस सारखे करून.
मागे पुन्हा समुद्र.
आणि त्या समुद्रातून सासूचा आवाज:
साठ म्हणजे किती मेंढ्या गं?

तोर्बेन अजून यायचा होता.