ग्राहकाचे नाव

केतकीनं लोकेशन पाठवलं.
निळा ठिपका, नदीच्या अगदी काठावर.
म्हटलं, पत्ता मला सांगू नकोस.
एकोणीस वर्षं दर महिन्याच्या दहा तारखेला
तिथं गेलोय मी, बंडगार्डनच्या पुलाखालून,
खांद्याला रेक्झिनची पिशवी, कानावर पेन्सिल,
मीटर रीडिंगला.

रिक्षा आता आत सोडत नाहीत.
गेटवरचा पोरगा विचारतो, कुणाकडे?
कुणाकडे.
पूर्वी इथली कुत्रीसुद्धा विचारत नसत.
सही केली वहीत, वेळ टाकली.
‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात
बराच वेळ पेन धरून उभा राहिलो,
मग लिहिलं: कॉफी.

फरशी नवी. तिच्यावर सायकलचं पांढरं चित्र.
गोठा होता तिथं योगासनं, तासाच्या दरानं.
शेणाच्या वासाला गवती चहाचा वास मिळालाय बदली.
नदीचा वास मात्र तोच,
त्याचं अजून कुणाला काही जमलेलं दिसत नाही.
सगळ्या खुर्च्या तिच्याकडे तोंड करून
आणि बसलेले सगळे फोनमध्ये.

मला माणसं आकड्यांनी आठवतात.
दाऊद अत्तार, बावीस युनिट. एक दिवा, एक रेडिओ,
रमजानात सव्वीस.
फिलोमिना साळवे, चाळीस. मुलगा रात्री अभ्यास करायचा;
नापास झाला त्या महिन्यात चोवीस.
परटांकडे सांगायला कोळशाची इस्त्री
आणि मीटर पळायचा टांग्याच्या घोड्यासारखा.

तारेवर टाकलेल्या आकड्यांनीही आठवतात काही.
ठकूबाई मल्लाव. मरळ विकायची पाटीतून.
घरात टीव्ही, पंखा, पाणी तापवायची कॉइल.
युनिट तीन.
मी वर तारेकडे पाहिलं नाही,
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
चहा तेवढा दोघांनी समोरासमोर प्यायला.
लिहिलं: तीन.
नोकरीत केलेला हा एवढाच गुन्हा. म्हणजे,
दर महिन्याला केलेला.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की
मीटर बुडायचे, काचेच्या आत चिखल.
मग त्या महिन्यात सगळ्यांना सरासरी.
दाऊदलाही, परटालाही.
पुराइतकी समानता मी पुढे कुठंच पाहिली नाही.

वस्ती उठली तेव्हा मी निवृत्त होतो.
उठली म्हणतात,
जणू झोपली होती आणि कुणी चहा आणून दिला.
दाऊद हडपसरच्या पुढं, सातव्या मजल्यावर,
लिफ्ट बंद, असं कुणीतरी सांगितलं.
ठकूबाईचं विचारलं तर तो म्हणाला,
कोण ठकूबाई?

कॉफी आली. वर दुधात काढलेलं पान,
मोडवेना, म्हणून गार झाली.
केतकी म्हणाली, बाबा, छान आहे ना जागा?
छान आहे, हे खरंच आहे.
तिच्या चेहऱ्यावर संध्याकाळ पडली होती
आणि समोर एक बगळा
जुन्या धुण्याच्या दगडावर एका पायावर उभा,
त्याला कुणी सही मागितली नव्हती.

बाथरूमकडे जाताना डाव्या हाताला
मीटरचा कप्पा. दार अर्धवट उघडं.
डिजिटल. स्वतःच आपले आकडे वर कळवतो म्हणे.
तरी वाकलो, वाचले,
कानामागे हात गेला,
पेन्सिल नव्हती.

निघताना काउंटरवर अकराशे साठ झाले.
केतकीनं फोन दाखवला, मशीन किणकिणलं.
शेजारी, पितळी घंटेखाली दाबलेलं,
विजेचं बिल. कागद ओळखीचा.
उलटं होतं, पण मला उलटं वाचता येतं,
तेच तर आयुष्यभर केलं.

ग्राहकाचे नाव: ठकूबाई भिवा मल्लाव.
वापर: चार हजार दोनशे सात युनिट.

जागा गेली, गाळा गेला, पाटी गेली;
नाव बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही,
किंवा अर्जाला लागणारे कागद मिळाले नाहीत.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
चला ना बाबा, काय बघताय?
काही नाही गं, म्हटलं,
ठकूबाईचं बिल.
या महिन्यात फार आलंय.