हाडासकट अर्धा किलो

बर्मा बाजाराच्या मागच्या गल्लीत
आधी वास भेटतो, मग धूर, मग माणसं.
हुकांना लटकलेले बकरे,
मांडीवर जांभळ्या शाईचा सरकारी शिक्का,
जणू मेल्यावर एकदाचं ओळखपत्र मिळालं.

"हाडासकट अर्धा किलो," बाबा म्हणायचा,
पगाराच्या शनिवारी,
वॉचमनचा कोट न उतरवता.
मुटिंडा मांस काट्यावर टाकायचा.
बाबा काट्याकडे बघत नसे,
मुटिंडाच्या अंगठ्याकडे बघायचा.

मग तासभर वाट.
घाई करणाऱ्याला कच्चं मिळतं,
हे नैरोबीत कुणाला सांगावं लागत नाही.
तोवर पत्र्याच्या मगात सूप,
खुरांचं, मुंडीचं, जीभ पोळणारं, फुकट.
बाबा तीन मग प्यायचा.
तिसऱ्याला मुटिंडाचा पोरगा तोंड वाकडं करी,
तेव्हा बाबा अदबीनं विचारायचा,
"वडील बरे आहेत ना?"
वडील समोरच असायचे, काट्यापाशी,
सगळं ऐकत.

लाकडी फळी टेबलावर आदळायची.
सुरी, खच् खच्.
कोपऱ्यात मिठाची ढेकूळभर टेकडी,
वाफाळती उगाली,
आणि कांदा-टोमॅटोची काचुंबारी,
जिच्याकडे बाबा पाहायचाही नाही.
पाला बकऱ्यानं खाल्लाय, म्हणायचा,
आपण परत कशाला?

गोष्टींतले बाप आपल्या वाट्याचं लेकरांना देतात.
माझा देत नसे.
बरगड्या माझ्या, बाकी त्याचं, असा करार.
मी बरगडी चोखत त्याचं खाणं बघत राहायची:
कानशिलावरची शीर वर-खाली,
हनुवटीवर चरबीचा थेंब,
आणि डोळे मिटलेले.
रात्रभर दुसऱ्यांच्या फाटकाशी जागणारा माणूस
त्या फळीपुढे तेवढा
निर्धास्त डोळे मिटायचा.

पुढे मी गिकोंबात शिवणयंत्रावर बसले.
संध्याकाळी अखिन्यी आणि मी
कोपऱ्यावरच्या जाळीपुढे उभ्या उभ्या मुटुरा खायचो,
रक्ताची, आतड्यात भरलेली, मिरचीनं पेटलेली,
बोटं ब्लाउजच्या चिंध्यांना पुसून.
वीस शिलिंगांत एवढं सुख
मी नंतर कुठे शिवलं नाही.

मग ओडेरा.
त्यानं दीड किलो सांगितलं, पाय, मागचा,
मोठ्या आवाजात, शेजारच्या टेबलालाही ऐकू जावं असं.
बिल आल्यावर खिसे चाचपले.
मी पैसे दिले, उरलेलं मांस कागदात बांधून घेतलं
आणि एकटीच बसमध्ये चढले.
त्या दीड किलोनं
माझा आख्खा संसार वाचवला.

या डिसेंबरात बाबाला गावाहून आणलं.
कोट तोच, आत माणूस कमी झालेला.
दात तर नाहीतच.
मी म्हटलं, बारीक कापा.
बाबानं हात आडवा घातला:
"बारीक केलं की ते मांस नाही, औषध.
नळी आण."

नळी आली. त्यानं ती उभी धरली
आणि फळीवर आपटली.
ठक्.
शेजारी कुणीतरी बोलायचं थांबलं.
ठक्. ठक्.
बाबा हाडाला डोळा लावून आत बघत होता,
खिडकी लोटावी तसा.
चौथ्या ठोक्याला मगज सुटला,
अर्धा मिठावर, अर्धा कोटाच्या बटणावर.
बटणावरचा त्यानं उगालीनं टिपला
आणि आधी तोच खाल्ला.

मग सूप. एक मग. दुसरा.
तिसरा पोरगा स्वतः घेऊन आला.
पोरगा कसला, पोट सुटलेला मालक,
तोंड अजिबात वाकडं न करता.
बाबानं मग दोन्ही हातांत धरला.
सवयीनं, अदबीनं विचारलं,
"वडील बरे आहेत ना?"

तो काट्याकडे बघत राहिला.
काट्यापाशी एक मुलगी होती,
अंगठा पारड्यापासून लांब धरून
कुणाचंतरी अर्धा किलो तोलत.
"हो," तो म्हणाला,
"तुमची आठवण काढतात."